स्वायत्तता: पाड्यावर शिकलेला अर्थ

(वार्षिक सहायक मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



दरवर्षी मी इथे उभी राहते ती आकडे सांगायला. किती बाळंतपणं, किती मुलं वसतिगृहात, किती पाड्यांवर औषधपेटी पोचली. यंदा कमिटीनं मला विषयच दिला: ‘स्वायत्तता आणि तिचे निरनिराळ्या क्षेत्रांतील अर्थ’. पत्र वाचून मी दोनदा चष्मा पुसला. मी नर्स. सातपुड्यात धडगावच्या बाजूला सव्वीस वर्षं काढली, त्यात हा शब्द कधी माझ्या तोंडून निघाला असेल असं वाटत नाही. म्हणून आधी घरातल्यांनाच विचारत सुटले.

भाचा एका स्वायत्त महाविद्यालयात शिकवतो. तो म्हणाला, “मावशी, अभ्यासक्रम आम्ही ठरवतो, परीक्षा आम्ही घेतो, पण पदवी द्यायची ती विद्यापीठानंच.” जावई पुण्यात गाड्यांच्या कंपनीत. त्याच्याकडे स्वायत्त म्हणजे चालकाशिवाय धावणारी मोटार. आमच्या डॉक्टरांनी दोन अर्थ सांगितले. एक म्हणजे शरीरातली स्वायत्त मज्जासंस्था. काळजाचा ठोका, पोटातलं पचन, डोळ्याच्या बाहुलीचं लहानमोठं होणं, हे आपल्याला न विचारता चाललेलं असतं. दुसरा अर्थ रुग्णाची स्वायत्तता: इलाज कितीही चांगला असो, तो करायचा की नाही हे शेवटी ज्याच्या देहावर करायचा त्यानं ठरवायचं.

पाळकसाहेबांनी मूळ ग्रीक शब्द सांगितला. स्वतः आणि नियम, हे दोन शब्द जोडून तो झाला. म्हणजे ज्याचा नियम त्याचाच. त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. इसवी सनापूर्वी 386 मध्ये पर्शियाच्या राजानं फर्मान काढलं की ग्रीसमधली नगरं स्वायत्त असतील. नहेम्याच्या पुस्तकातला अर्तहशश्त आपल्याला ठाऊक आहे, हा त्याचा नातू, त्याच नावाचा. फर्मान पर्शियाच्या राजाचं, अंमल करणार स्पार्टाचं सैन्य, आणि नगरं म्हणे स्वायत्त! मला हसू आलं, आणि मग आपल्याच काही प्रकल्पांची आठवण होऊन ते हसू आटलं.

मराठीत या शब्दाशी कानाला जवळचा वाटणारा दुसरा शब्द आहे, ‘आयतं’. आयतं मिळालेलं, आयत्या बिळातला नागोबा. व्युत्पत्तीचा दावा मी करत नाही, ते पंडितांनी बघावं. पण पाड्यावर काम करताना घोटाळा याच दोन शब्दांत होतो. आपण आयतं देतो आणि अहवालात स्वायत्त लिहितो.

जावयाच्या मोटारीकडे जरा परत येते. मी त्याला विचारलं, “गाडी कुठे जायचं ते गाडी ठरवते का?” तो म्हणाला, “नाही, ते आत बसणारा सांगतो. गाडी फक्त कुणी सारखं बघत नसताना नीट पोचते.” मग माझ्या मते ती स्वयंचलित झाली, स्वायत्त नाही. आमच्या आरोग्यसेविका, आमचे बचतगट, आमच्या पाणी समित्या यांना आम्ही ‘स्वतःच्या पायावर उभ्या’ म्हणतो, कारण आता आम्हाला रोज जावं लागत नाही. पण कुठे जायचं ते कुणी ठरवलं होतं? आम्हीच. चालक उतरला, एवढाच फरक.

आपल्या मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन या दोघांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार करणारी, स्वतःचा खर्च उचलणारी आणि स्वतः सुवार्ता सांगणारी व्हावी, आणि तशी ती झाली की मिशननं निघून जावं. अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्या भेटीनंतर मिशनच्या इंग्रजी शाळा आवरून देशी भाषेतल्या शाळांवर आणि देशी पाळकांवर भर द्यायचं ठरलं. देशी पाळकांची गोष्ट चांगलीच झाली. पण ज्यांच्या मुलांना इंग्रजी शिकायचं होतं त्यांचं काय? स्वशासनाचा धडासुद्धा वरूनच उतरला.

याच मराठी मिशनमध्ये रेव्ह. नारायण वामन टिळकांनी बरीच वर्षं काम केलं. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांचं मिशनशी भांडण झालं नव्हतं, पण पगार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही हे त्यांना नक्की कळलं असणार, असं मला वाटतं. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये ते गेले.

आता आदिवासींच्या बाबतीत हा शब्द कायद्यात कसा आला ते थोडक्यात सांगते. संविधान सभेत खासी टेकड्यांचे रेव्ह. जे. जे. एम. निकोल्स रॉय होते. ते पाळक होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. गोपीनाथ बोर्दोलोईंच्या उपसमितीत त्यांनी काम केलं आणि तिथून सहावी अनुसूची आली. ईशान्येतले स्वायत्त जिल्हे, त्यांच्या स्वतःच्या परिषदा, जमीन, वारसा, लग्नाच्या चालीरीती, गावचा कारभार यांवर कायदे करण्याचा अधिकार, हे सगळं त्यात आहे. त्याच सभेत जयपालसिंग मुंडा होते, 1928 च्या ऑलिम्पिकमधले आपल्या हॉकी संघाचे कप्तान. डिसेंबर 1946 मध्ये त्यांनी तिथल्या मोठमोठ्या मंडळींना सुनावलं की लोकशाही आदिवासींना शिकवू नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायची आहे.

महाराष्ट्र सहाव्या अनुसूचीत नाही. आपल्याकडे पाचवी लागू आहे, तेरा जिल्ह्यांतल्या काही काही भागांना. त्या भागांसाठी 1996 मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी ‘पेसा’ कायदा झाला. गौण वनोपज, गावातलं पाणी, दारू, सावकारी यांवर ग्रामसभेचं म्हणणं चालावं असा त्याचा गाभा. आपल्या राज्याचे नियम यायला 2014 उजाडलं. पण त्या नियमांत एक सुंदर गोष्ट आहे. एखाद्या पाड्याच्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला, तर त्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेण्याची वाट उघडते. महसुली गाव म्हणजे कागदावर एक नाव आणि प्रत्यक्षात चार डोंगरांवर विखुरलेले दहा पाडे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच याचं मोल कळेल.

हक्क कागदावर असणं आणि हातात असणं यांतलं अंतर बघायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जावं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गोंड गावाची. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता बांबू त्यांचा. पण बांबू विकायचा तर तो रस्त्यानं नेण्याचा परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे बांबू तुमचा, पण जंगलाबाहेर काढाल तर अडवू. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. साधं पावतीपुस्तकासारखं पुस्तक. दोन वर्षं सगळी स्वायत्तता त्यात अडकून पडली होती.

आपल्या कामात असं पुस्तक कुणाच्या कपाटात आहे, हे मला सांगायचं आहे. त्यासाठी एक कबुलीही द्यायची आहे.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर बोअर आणि हापसा बसवण्यासाठी आपण याच मेळाव्यात वर्गणी गोळा केली होती. संडे स्कूलच्या मुलांनी डबे फिरवले होते. पैसे जमले, देणाऱ्या मंडळीच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून झाली. मग आम्ही पाड्यावर गेलो, तारीख सांगायला. विचारायला नव्हे, हे लक्षात घ्या.

कारभारी म्हणाले, सभा बसेल. रात्री शेकोटीभोवती पुरुष बसले, हो म्हणाले, मी खुश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी बाया म्हणाल्या, आमचं बोलणं झालेलं नाही. मग दुसऱ्या रात्री पुन्हा सभा. एका म्हातारीनं मला विचारलं, “बाई, बोअरची गाडी कुठवर चढते?” मी म्हटलं, खाली रस्त्यापर्यंत. “म्हणजे हापसा खाली, रस्त्याला. खालच्या पाड्याच्या दारात. पाणी भरायला आम्ही खाली, आणि भरलेला हंडा घेऊन वर.” दुसरी म्हणाली, “हापसा बिघडला तर कोण येणार?” मी म्हटलं, आम्ही. “आणि तुम्ही नसलात तर?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली शाळेजवळचा जुना हापसा तीन पावसाळे मोडून पडलेला सगळ्यांना दिसत होता.

त्यांचं म्हणणं असं की वर कड्याखाली झरा आहे, त्याला दगडी भिंत घालून टाकी बांधा, नळी टाका, पाणी उतारानं आपोआप येईल. नळीचा चर आम्ही खोदू. बोअर नको.

मला राग आला. खरं सांगते, आला. जमलेला पैसा बोअरच्या नावाचा होता. पाटी रंगवलेली होती. तुमच्यापुढे काय सांगायचं? परत येऊन आमच्या इंजिनियरना विचारलं, तर ते म्हणाले की झरा मे महिन्यात बारीक होईल. मग मी त्यांच्या मतावर टेकले, आणखी दोन बैठका घेतल्या, पाड्याला ‘समजावलं’. पाडा समजला नाही. शेवटी झऱ्याचंच काम झालं, आणि मी या वार्तापत्रात तुम्हाला लिहिलं, ‘तांत्रिक कारणास्तव योजनेत बदल करण्यात आला.’

ते खोटं होतं. तांत्रिक कारण काहीच नव्हतं. लोकांनी ‘नाही’ म्हटलं होतं, आणि तो नकार तुम्हाला सांगायची मला लाज वाटली. आज सांगते. ज्या मुलांनी डबे फिरवले ती आता कॉलेजात असतील, त्यांनाही कुणी कळवावं.

पुढे काय झालं ते सांगितलं नाही तर गोष्ट फारच गोड होईल. पहिल्याच उन्हाळ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात झरा खरंच बारीक झाला. इंजिनियरचं बरोबर निघालं. मी पाड्यावर गेले तेव्हा मनात कुठेतरी वाटत होतं की आता म्हणतील, बाई, तुमचं ऐकायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही. त्यांनी सभा बसवून नियम केले होते. टाकीवर कपडे धुवायचे नाहीत, म्हशी खालच्या डबक्यावर न्यायच्या, घरटी इतकेच हंडे, आणि मोडेल त्याला एक पायली मका दंड. सर्वांत पहिला दंड कारभाऱ्याच्या सुनेनं भरला. ग्रीक शब्दातला ‘नियम’ मला तिथे दिसला. स्वायत्तता म्हणजे मोकळीक असं मी समजत होते. तो पाडा आधी कधी नव्हता इतका बांधलेला होता, पण दोरी त्यांनी वळलेली होती. दोन वर्षांनी झऱ्याच्या वर चर खणायचं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी आमच्याकडे फक्त टिकाव मागितले.

आपल्या शास्त्रात हे सगळं आहेच, पण आपण ते वेगळ्या कामासाठी वाचतो. बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या वाटेवर कुणालाही दिसत होतं, तरी प्रभूनं आधी त्याला विचारलं की तुला माझ्याकडून काय हवं आहे. मी दवाखान्यात हजारो बायांचे अंगठे संमतिपत्रावर घेतले. त्यातल्या किती जणींना मी हा प्रश्न विचारला? कागद पुढे, शाईची पेटी पुढे, ‘इथे लाव’.

दुसरी जागा प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ‘वाटप सुधारू’ असं आश्वासन दिलं नाही, चौकशी समितीही नेमली नाही. लोकांना सांगितलं, तुम्हीच सात जण निवडा. त्या सातांची नावं वाचा, सातही ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातात पळी गेली. मला वाटतं, आपल्या कमिटीनं हा अध्याय अंदाजपत्रकाच्या बैठकीआधी वाचावा.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळली तर तुम्ही मनात म्हणाल, बाई सोयीचं तेवढं बोलल्या. शेजारच्या छत्तीसगडात कांकेर जिल्ह्यातल्या काही गावांच्या वेशीवर ग्रामसभेच्या नावानं पाळकांना प्रवेशबंदीचे फलक लागले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पेसाचाच आधार त्यासाठी घेतला गेला. गेल्या वर्षभरात मला किमान दहा जणांनी विचारलं, “ग्रामसभेची एवढी बाजू घेता, मग आता?”

मला त्याचं दुःख आहे. ज्या घरांना त्यांच्या गावात अवघड झालं असेल त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पण त्यावरून ग्रामसभाच नको असं म्हणायला मी तयार नाही. झऱ्याचा निर्णय माझ्याविरुद्ध गेला तेव्हाही मला तेच म्हणावंसं वाटलं होतं. गावाचा अधिकार गावाच्या पाण्यावर, जंगलावर, जमिनीवर आहे. कुणाच्या विवेकावर तो नाही, तिथे संविधानानं प्रत्येक माणसाला स्वतःचं कुंपण दिलेलं आहे. कोण कुणाची प्रार्थना करतो हे सभेनं ठरवायचं नाही, तसंच सून शस्त्रक्रिया करून घेईल की नाही हे सासऱ्यानं ठरवायचं नाही. पहिल्या रात्री पुरुषांनी बायांच्या वतीनं ‘हो’ म्हटलं होतं, ते विसरू नका. गाव स्वायत्त आणि आतली बाई नाही, असं पुष्कळदा असतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्या मंडळ्यांतसुद्धा असतं. यावर माझ्याकडे तयार सूत्र नाही. दर वेळी त्या त्या माणसापाशी जाऊन बसावं लागतं.

शेवटी पैशाचं, कारण कपाटातलं पुस्तक तेच आहे. राज्य शासनानं 2015 पासून पेसा भागातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी विकासाच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट द्यायला सुरुवात केली. त्याला म्हणतात ‘अबंध निधी’. ठरावीक चौकटीत का होईना, तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. आता आपल्या पावत्या बघा. ‘शिलाई मशीनसाठी’, ‘चादरींसाठी’, ‘हापशासाठी’. सगळा निधी बांधलेला. सरकार अबंध देतं आणि आपण, कृपेवर जगणारी माणसं, दोरी बांधून देतो! देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मी जाणते. मुलांना डब्यात पैसे टाकताना समोर हापसा दिसावा लागतो. पण कमिटीपुढे माझी विनंती आहे की यंदाच्या पावतीवर आणखी एक रकाना छापावा: ‘पाड्याच्या निर्णयानुसार’. त्या रकान्यात जे पडेल त्याचा फोटो तुम्हाला कदाचित मिळणार नाही. किंवा मिळेल तो टिकावांचा.

आणि हे पत्र. गेल्या महिन्यात त्याच पाड्यावरून आलंय. लिहिलंय आपल्या वसतिगृहात राहून दहावी झालेल्या मुलीनं, खाली अंगठे आणि सह्या आहेत. त्यांनी आपल्याला सभेला बोलावलं आहे आणि तीन वर्षांचे हिशेब घेऊन या असं म्हटलं आहे. तीन प्रश्न विचारले आहेत. आमच्या पाड्याच्या नावावर जमलेल्या पैशांतून गाडीच्या डिझेलला किती गेले? वार्तापत्रात आमचा कोणता फोटो छापायचा ते कोण ठरवतं? आणि वसतिगृहात आमच्या पाड्याची कोणती मुलं घ्यायची ते आम्ही ठरवू शकतो का?

पहिल्याचं उत्तर खजिनदारसाहेबांनी काढून ठेवलंय, आकडा मोठा आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘मी’ असं आहे, ते मीच तिथे देईन. तिसऱ्यावर आज दुपारी कमिटी बसते आहे.

सभा होळीचे दिवस संपल्यावर आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर धडगावपर्यंत एसटी आहे, तिथून जीप, शेवटचा चढ पायी. मुक्काम करावा लागेल, पांघरूण आणा. खुर्च्या नसतात. बाहेरच्यांना मागे बसवतात, आणि बोलायचं असेल तर आधी सभेला विचारावं लागतं.